लहान मेंदूची चोरी

१

सोमवारी सकाळी तेजल मयेकरने डीप फ्रीजरचा मधला कप्पा ओढला आणि ती तशीच उभी राहिली. कप्प्यातला पांढरा गारठा तिच्या हातमोज्यांवरून खाली सांडत होता. पुड्या होत्या, त्यांच्यावरचे नंबर होते, पण दुपारी हैदराबादला जायची होती नेमकी तीच पुडी नव्हती.

तिने कप्पा रिकामा केला, पुन्हा भरला. शेजारचे कप्पे पाहिले. मग फ्रीजर लावून ती डॉ. वेदिका खातूंच्या खोलीत गेली.

"मॅडम, सतरा नंबरचा लहान मेंदू नाहीये."

आम्रपाली गमरेंना फोन आला तेव्हा त्या गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, आणि इतक्या वर्षांचा शीण काही अंगातून जात नव्हता. आता स्वस्थ बसायचं असं ठरवलं होतं, तेवढ्यात रत्नागिरीबाहेर सड्यावर असलेल्या या मेंदू संशोधन केंद्राने त्यांना आपल्या नीतिसमितीवर घेतलं. शास्त्रज्ञ सोडून एखादा साधा माणूसही समितीत असावा, असा नियम होता म्हणून. बैठकीला जायचं, न कळणारे शब्द ऐकायचे, चहा प्यायचा आणि डुलकी आवरायची, एवढंच काम आजवर पडलं होतं.

"दान केलेल्या मेंदूचा भाग गेलाय, ताई," वेदिका फोनवर म्हणाल्या. "बोभाटा झाला तर यापुढे या जिल्ह्यात कोणी मेंदू दान करणार नाही. तुम्ही समितीच्याही आहात आणि तुम्हाला चोर ओळखायची सवयही आहे. याल का?"

"येते," आम्रपालीबाई म्हणाल्या. "फक्त जिने चढायला लावू नका."

केंद्रात अल्झायमरने वारलेल्या माणसांचे मेंदू ठेवले जात. घरच्यांच्या संमतीने अर्थातच. अर्धा मेंदू फॉर्मॅलिनच्या बरणीत जाई आणि उरलेल्या अर्ध्याचे तुकडे करून ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले जात. दात्याचं नावगाव एकट्या वेदिकांना माहीत असे. बाकीच्यांसाठी तो नुसता नंबर. सतरा नंबरची बरणी जागेवर होती. फ्रीजरमधले त्याचे बाकीचे तुकडे जागेवर होते. कुलूपही शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे होत्या: स्वतः वेदिका, त्यांचे सहकारी डॉ. ऋत्विक जोगळेकर, पीएच.डी. करणारी तेजल आणि फ्रीजर सांभाळणारा तंत्रज्ञ दीपक गोताड.

"म्हणजे घरातलाच माणूस," आम्रपालीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. नोकरीत बहुतेक वेळा घरातलाच निघायचा.

दारात उभा असलेला ऋत्विक मात्र हसला. "घरातला असेल तर अडाणीच म्हणायचा. या आजाराच्या अभ्यासात लहान मेंदूचा काडीचा उपयोग नसतो. चोराने सगळ्यात बिनकामाचा तुकडा नेलाय!"

आम्रपालीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ चोर पाहिले होते. भित्रे, दारुडे, हावरे. पण निरुपयोगी वस्तूसाठी नोकरी पणाला लावणारा चोर त्यांच्या पाहण्यात नव्हता.

२

"बिनकामाचा का, ते मला समजेल असं सांगा," त्यांनी ऋत्विकला समोर बसवलं.

तो तरुण होता, हुशार होता आणि ते दोन्ही लपवण्याची त्याला गरज वाटत नसे. "या आजारात दोन प्रथिनं बिघडतात. ॲमिलॉइडचे थर पेशींच्या बाहेर साचतात आणि टाऊचे गुंते पेशींच्या आत होतात. मी टाऊवर काम करतो. त्याचा एक रेणू वाकडा झाला की तो शेजारच्या चांगल्या रेणूलाही वाकडा करतो. तो त्याच्या शेजारच्याला. असं करत आजार मेंदूभर पसरतो. आठवणी जिथं तयार होतात तिथून सुरुवात होते. लहान मेंदू डोक्याच्या मागे, खाली असतो. तोल सांभाळायचं काम त्याचं. तिथं हे गुंते जवळजवळ पोचतच नाहीत."

"मग तो हैदराबादला कशाला चालला होता?"

ऋत्विकची बोटं टेबलावर थांबली. "जनुकीय चाचणीसाठी. ते वेदिका मॅडमचं खूळ आहे."

"फ्रीजर उघडून दाखवा."

दीपक गोताडने येऊन फ्रीजर उघडला. तिशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. डोळ्यांखाली काळं आलेलं. आम्रपालीबाई वाकल्या तसे गुडघे कुरकुरले. मधल्या कप्प्यात सतरा नंबरच्या पुड्या. वरच्यात दुसरे नंबर. अगदी तळाच्या कप्प्यात जुन्या प्रयोगांतल्या उंदरांच्या मेंदूंचे डबे, बर्फाच्या पापुद्र्याने इतके माखलेले की चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या; कोपऱ्यातल्या एका डब्यावरचं 'उंदीर, जुने' एवढंच काय ते दिसलं. हवा आत जाऊन फ्रीजर केकाटू लागला, तसं दीपकने दार लोटलं.

नंतर तेजल आली ती बसायच्या आधीच बोलू लागली. "मी सांगितलं म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत, मॅडम. मागं एकदा हा फ्रीजर उघडा राहिला होता, तेव्हाही नाव माझंच आलं. मला थीसिस संपवून घरी जायचंय. बास झालं."

"बस. पाणी पी. ती चाचणी काय होती?"

"सतरा नंबरचा माणूस फार लवकर गेला. पन्नाशीच्या आतच आजार सुरू झालेला. साधा अल्झायमर म्हातारपणी होतो. एवढ्या लवकर झाला तर तो घराण्यातला असण्याची शक्यता असते. एका जनुकात बदल झालेला असतो आणि तो आईबापांकडून मुलांना येऊ शकतो. निम्मी शक्यता."

"आणि ते लहान मेंदूतून कळतं?"

"जनुक काय, सगळ्या तुकड्यांत तेच असतं. पण बाकीचे तुकडे प्रयोगांना पुरत नाहीत. लहान मेंदू आजारात फारसा बिघडत नाही आणि भरपूर असतो, म्हणून जनुकांसाठी तोच वापरतात. इथं सगळ्यांना माहितीय ते."

आम्रपालीबाई खुर्चीत मागे रेलल्या. तुकडा बिनकामाचा नव्हता तर. चोराला आजाराशी घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त ती एक चाचणी होऊ द्यायची नव्हती.

"चाचणी झाली असती तर इथं कोणाचं नुकसान होतं?"

तेजलने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "ऋत्विक सरांचं. त्यांचा पेपर साध्या अल्झायमरवर आहे. सतरा नंबर घराण्यातल्या आजाराचा निघाला, तर त्याची सगळी निरीक्षणं काढून टाकावी लागतील. पेपर उभाच त्याच्यावर आहे."

३

ऋत्विकने नाकारलं नाही. "हो, मला ती चाचणी नको होती. तसं मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. पण मी चोर नाही."

"सगळे असंच म्हणतात," आम्रपालीबाई थकून म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात दीपकने चहा आणून ठेवला होता. ऑक्टोबरचं ऊन सड्याच्या काळ्या कातळावर आदळून वर येत होतं. त्याने खुर्ची सावलीत ओढून दिली.

"तू किती वर्षं आहेस इथं?"

"फ्रीजर आल्यापासून."

"कोणी नेली असेल पुडी, तुला काय वाटतं?"

"मी काय सांगणार, मॅडम. माझं काम थंडावा राखायचं." त्याने कप उचलला, प्याला नाही. मग एकदम म्हणाला, "एक करा. ह्यातलं काही त्यांच्या घरच्यांना कळवू नका. त्या माऊलीनं नवऱ्याच्या पायात घुंगरू बांधून दिवस काढलेत. उठून कुठं निघून जाईल म्हणून रात्रभर त्या आवाजाकडं कान. आता त्यांना जरा निवांत राहू दे."

"नाही कळवत," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं होतं.

संध्याकाळी रिक्षाने घरी परतताना ऋत्विकचाच विचार डोक्यात होता. हेतू होता, किल्ली होती. पण काहीतरी बसत नव्हतं. फ्रीजरमधला कुठलाही तुकडा वापरायचा अधिकार ऋत्विककडे होता. 'प्रयोगात संपला' असं त्याने म्हटलं असतं, तर कोणी हूं की चूं केलं नसतं. ज्याला दारातून जाता येतं तो खिडकी कशाला फोडेल?

रिक्षा मारुती मंदिराच्या चौकात अडकली, आणि तिथं हॉर्नच्या गोंगाटात त्यांना घुंगरांची आठवण झाली.

त्यांनी तिथूनच वेदिकांना फोन लावला. "डॉक्टर, सतरा नंबरच्या पायात घुंगरू बांधायचे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"घुंगरू? नाही. कोणी सांगितलं?"

"दात्याचं घर कुठं आहे ते मला सांगा," आम्रपालीबाई म्हणाल्या. "समितीला घरी जायचा हक्क आहे ना?"

४

मंगळवारी सकाळच्या साखरपा गाडीने त्या निघाल्या. रस्त्याच्या चौपदरीकरणाची लाल धूळ खिडकीतून आत येत होती आणि वाहकाने तोंडाला बांधलेला रुमाल तिकिटं देतानाही सोडला नाही.

सतरा नंबरचं नाव महिपत रांबाडे होतं. त्यांची बायको गोदा वाडीच्या खालच्या कुणग्यात भात कापत होती. समितीच्या बाई आल्यात म्हटल्यावर ती विळा ठेवून वर आली, हातपाय धुतले, पाण्याचा तांब्या आणला. चेहरा असा की या बाईला झोप पुरलीय असं कधी कोणाला वाटलं नसेल. मुलगी सानवी चिपळूणच्या एका बँकेत होती. आईला कापणीत मदत करायला रजा टाकून आली होती.

पडवीतल्या खुंटीला चामड्याच्या पट्टीत ओवलेले घुंगरू लटकत होते. बैलाच्या गळ्यातले असावेत.

"हे त्यांच्या पायात?"

गोदाने मान हलवली. "लोकांस्नी बरा वाटणार नाय म्हणून कुनाला सांगितला नव्हता. दिवसा काढून ठेवायची. घरच्या मानसांनाच म्हायती."

"डॉक्टरांना सांगितलं होतंत?"

"छे. लाज वाटायची ओ. मानसाला का कोन घुंगरू बांधतंय?"

आम्रपालीबाई पाणी प्यायल्या. "ती चाचणी तुम्हीच मागितलीत, असं डॉक्टर म्हणाल्या."

"मी मागितली," सानवी म्हणाली. "माझं लग्न ठरतंय. आजोबांना हेच झालं होतं, तेव्हा लोक देवाचं काहीतरी म्हणायचे. मग बाबांना झालं. मला माहीत असायला हवं. ज्याच्याशी लग्न करणार त्यालाही."

"आणि तुमच्या यजमानांच्या भावाबहिणींत आणखी कोणाला?"

माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. उत्तर गोदाने दिलं, पदराने मान पुसत.

"नणंद हाय माजी, सखू. अजून तिच्या घरातला कोन बोलत नाय. पन मी गनपतीत बघितला तिला. मोदक करताना हात मधेच थांबला. सारन भरायचा का पारी करायची, काय कळंना. ह्यांचाबी असाच सुरू झालेला."

"तिला मुलं आहेत?"

"एकच पोरगा. रत्नागिरीस असतो कामाला. लय गुनाचा. मामाचा लाडका. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत सुट्टी मिळली की येऊन बसायचा पायाशी. रक्त तपासतात तसल्या कुठल्या कंपनीत हाय म्हनतो. काय करतो ते आमाला काय कळतंय."

"नाव काय त्याचं?" आम्रपालीबाईंनी विचारलं. खरं तर त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

५

बुधवारी सकाळी त्यांनी वेदिकांना सगळं सांगितलं आणि एक गोष्ट मागून घेतली: फ्रीजरपाशी दीपकशी त्या एकट्याच बोलतील. बाकीच्यांना वेदिकांनी आपल्या खोलीत बसवून ठेवलं.

"उघड," आम्रपालीबाई म्हणाल्या.

दीपकने फ्रीजर उघडला.

"मधला कप्पा नको. तळाचा. उंदरांचा."

त्याचा हात कप्प्याच्या मुठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"परवा बघितलं मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या कप्प्यात वर्षानुवर्षं कोणी हात घालत नाही. सगळे डबे बर्फाने माखलेत, चिठ्ठी वाचता येत नाही. कोपऱ्यातल्या एकाचीच वाचता आली. म्हणजे त्याच्यावरचा बर्फ कोणीतरी नुकताच झटकलाय. ते बघूनही मी दिवसभर ऋत्विकच्या मागे लागले, हा माझा थकवा. ऋत्विकला ती पुडी नकोशी असती, तर त्याने ती एक दुपार टेबलावर ठेवली असती. वितळून खराब झाली असती. वीज गेली म्हणून सांगितलं असतं. ही पुडी ज्याने घेतली त्याला ती नाहीशी करायची होती, पण तिला गारठ्याबाहेर काढवलं नाही. असं कोण करेल? ज्याला ती नुसती पुडी वाटत नव्हती तो."

दीपकने मूठ सोडली नाही.

"आणि घुंगरांचं तू बोलून गेलास. ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. ऋत्विकला नाही, तेजलला नाही. काल गोदाबाईंनी सांगितलं, घरच्यांनाच ठाऊक."

त्याने कप्पा ओढला. कोपऱ्यातला डबा काढला. हातमोजे न घालता काढला, त्यामुळे बोटं पत्र्याला चिकटली आणि आम्रपालीबाईंनी पटकन त्याचे हात बाजूला केले. आत पांढऱ्या पिशवीत सतरा नंबरची पुडी होती, जशीच्या तशी गोठलेली.

"फेकायला घेतली होती," तो म्हणाला. "कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो. मामा आहे तो, मॅडम. मला खांद्यावर घेऊन आंबा घाट चढायचा. कुठं टाकू?"

"नंबर तुला कसा कळला?"

"मामाला अग्नी दिला त्याच दिवशी सकाळी फ्रीजरमध्ये सतरा नंबर आला. मी रजेवर होतो. परत आलो तर कप्पा भरलेला. ह्या जिल्ह्यात त्या दिवशी दुसऱ्या कोणी मेंदू दिला असणार?" तो फ्रीजरला पाठ टेकून खाली बसला. "रोज तो कप्पा उघडायचा. रोज वाटायचं, ह्यात लिहिलेलं आहे माझ्या आईचं काय होणार. आणि माझं. आईला आता चूल विझवायचं लक्षात राहत नाही. मी कोणाला सांगितलेलं नाही. चाचणी झाली, सानवीला कळलं, की घरात सगळ्यांना कळलं. मग आईकडं बघताना प्रत्येक वेळी मला मी दिसणार. मला नको ते. एवढ्यात नको."

"तिला हवंय," आम्रपालीबाई म्हणाल्या. "तिचंही आयुष्य त्याच पुडीत आहे."

"माहीत आहे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणून तर झोप नाही."

त्या त्याच्याशेजारी खाली बसल्या असत्या, पण पुन्हा उठता आलं नसतं. म्हणून त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आणि फ्रीजर केकाटू लागला तसं त्याचं दार लोटलं.

वेदिका चिडल्या. त्यांना चिडायचा हक्क होता. आवाज चढवून त्यांनी दीपकला सांगितलं, की विश्वासाने दिलेली वस्तू अशी लपवली तर उद्या या केंद्राला कुलूप लागेल. मग त्यांचा आवाज उतरला. फ्रीजरची किल्ली त्यांनी काढून घेतली आणि त्याला काचसामानाच्या कामावर टाकलं. नोकरीवरून काढलं नाही. ऋत्विक हे ऐकत होता. जाता जाता त्याने दीपकच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेला. त्याचा पेपर राहणार की जाणार, हे आता त्याच्याही हातात नव्हतं.

दुपारी कोरड्या बर्फात पुडी भरली गेली. ती तेजलने भरली. दीपक दारात उभा राहून कुरिअरची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहत होता.

"चल," आम्रपालीबाई म्हणाल्या. "साखरप्याची गाडी आहे आता."

६

गोदा भाताचे भारे रचत होती. दीपकला त्यांच्याबरोबर पाहून ती हसली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठं काम करतो ते, पुडी, उंदरांचा डबा, आईची चूल. सानवी भाऱ्यावर बसून ऐकत होती. तिचे डोळे रागाने भरून आले होते, आणि ते तिने लपवलं नाही.

गोदाने त्याला एक शब्दही लावला नाही. तिने विचारलं ते भलतंच.

"सखूला बघतंय कोन, तू तिकडं कामाला असतोस तवा?"

"शेजारीण. नाहीतर..." तो अडखळला. "बाहेरून कडी लावून येतो कधी कधी."

"कडी लावतोस?"

त्याने मान खाली घातली.

गोदाने हातातला भारा ठेवला. कमरेवर हात देऊन क्षणभर घाटाकडे बघितलं. "शनिवारी घेऊन ये तिला. माज्याकडं राहू दे."

"आई!" सानवी उठली. "आत्ता कुठं सुटलीस तू. वर्षानुवर्षं बाबांचं केलंस. तुझी काय दशा झालीय, बघ जरा आरशात."

"सुटून काय केला मी?" गोदा म्हणाली. "रात्री जाग येते ती येतेच. उठून बसते नि बघते, तर पलंगावर कोन नाय. हात रिकामे बसत नाय माजे, पोरी. तिला काय लागंल ते मला म्हायती हाय. ह्याला काय म्हायती?"

दीपक भाऱ्यापाशी खाली बसला आणि तोंड गुडघ्यांत घालून रडला. गोदाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, भाताचं तूस लागलेला.

निघताना सानवी पाणंदीपर्यंत आली. "मला कळेल ते मी तुला सांगणार नाही," ती दीपकला म्हणाली. "आईलाही नाही, तिने विचारल्याशिवाय. ज्याच्याशी लग्न करायचंय त्याला सांगेन, बस. पण तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखायला जाऊ नकोस. तेवढं मला जमणार नाही." एवढं बोलून ती मागे वळली.

परतीच्या गाडीत त्यांना मागची सीट मिळाली. दीपक खिडकीबाहेर बघत होता.

"मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर कळून घेतलं असतं?"

आम्रपालीबाईंनी जन्मभर प्रश्न विचारले होते.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुडी लपवलीस तो गुन्हा. स्वतःचं कळून न घेणं हा गुन्हा नाही. त्यासाठी कोणी तुला पकडायला येणार नाही."

त्याने मान हलवली. पालीच्या अलीकडे त्याचे डोळे मिटले आणि डोकं हळूहळू त्यांच्या खांद्यावर आलं. रस्ता खराब होता, गाडी आदळत होती, आणि त्यांचा खांदा केव्हाच भरून आला होता. हातखंब्याला माणसं उतरली, नवी चढली. कोणीतरी म्हणालं, बाई, मुलाला उठवा, जरा सरकून घ्या.

"झोपू दे त्याला," आम्रपालीबाई म्हणाल्या आणि त्याचं डोकं घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताने समोरच्या सीटचा दांडा धरला.